निर्यात

स्वोल्वेरच्या धक्क्यावर मासा एकच उतरतो, कॉड.
गिऱ्हाईक बदललं की त्याचं रूप बदलतं.
जेनोव्हाला अख्खा, वाऱ्यावर वाळून लाकूड झालेला,
ओनित्शाला नुसती मुंडकी, पोत्यात शिवून.
जिभा मात्र गावातच राहतात,
शाळा सुटल्यावर पोरं त्या कापतात
आणि सायकलीपुरते पैसे करतात.

मी माशाला हात लावत नाही.
कुठली पेटी, कुठली बोट, वजन किती, प्रत कोणती,
हे परक्या यंत्राने विचारलं
तर आमच्या यंत्राने काय उत्तर द्यायचं,
त्याचा करारनामा माझ्याकडे.
तोही निर्यात होतो.
बटण दाबलं की यादी उघडते:
यॅमल, जेसन, वर्ड, पीडीएफ.
बोला, कसा हवा.

मूळ प्रत यॅमलमध्ये. रांगफ्रिदच्या हातची.
अकरा वर्षं तिने दर ओळ दोन-दोन जागा आत सरकवून लिहिली,
दांडीवर जोडीजोडीने टांगलेल्या माशांसारखी.
आणि मधेमधे, हॅशच्या आडोशाला,
यंत्राने ओलांडून जायच्या ओळी:

# ही तारीख बोट लागल्याची. मासा मेल्याची नव्हे.

# देशाचा कोड अवतरणात ठेवा,
# नाहीतर यंत्र नॉर्वेचा अर्थ 'नाही' असा लावतं.

# जानेवारीत वजन शून्य आलं तर घाबरू नका.
# काटा गोठलेला असतो.

# हा रकाना काढू नका. आयविनला विचारा.
# आयविन गेला. तरी काढू नका.

सोमवारी जेनोव्हाहून ऑर्नेल्लाचं पत्र:
चौदा पेट्या, वजन शून्य.
तुम्ही आता वारासुद्धा विकायला लागलात का?

तिला पाठवलेली जेसन प्रत उघडली.
महिरपी कंस जागच्या जागी, स्वल्पविराम जागच्या जागी,
एकूण एक रकाना हजर.
हॅश एकही नाही.
जेसनमध्ये तशा ओळीला बसायला जागाच नसते.
कोणी पुसल्या नव्हत्या त्या.
बोटीत चढल्याच नव्हत्या.

इथले लोक म्हणतात, वारा पाणी नेतो आणि चव ठेवतो.
माझ्या बटणाने उलटं केलं होतं,
जेनोव्हाला काटे पोचले
आणि चव धक्क्यावर राहिली.

रांगफ्रिदला फोन लावला. निवृत्त होऊन ती काबेलव्होगला असते,
भावाच्या बोटीचं इंजिन खोलून बसली होती.
म्हणाली, वर्णनाच्या रकान्यात हलव सगळं.
वर्णन कुठल्याही प्रतीत टिकतं.
मग तू का नाही हलवलंस?
बराच वेळ नुसता पान्याचा आवाज.
मग म्हणाली,
वर्णन गिऱ्हाइकासाठी असतं गं.
ते मी माझ्यानंतर खुर्चीत बसेल त्याच्यासाठी लिहिलं होतं.

रात्री एकेक ओळ उचलली.
तारीख गेली, देश गेला, गोठलेला काटा गेला.
आयविनच्या दोन ओळींपाशी अडले.
शेवटी लिहिलं: "हा रकाना राखीव आहे."
वाचून पाहिलं. आयविन त्यात कुठेच नव्हता,
पण रकाना वाचला.

चारही प्रती काढल्या.
पीडीएफमध्ये तो काटा सदतिसाव्या पानावर आला,
फिक्या करड्या, बारीक अक्षरात.
ऑर्नेल्लाचं उत्तर एका ओळीचं:
कळलं. काटा घरात का नाही ठेवत?

एक ओळ मी हलवली नाही.
दोनशे बाराव्या ओळीवर ती आहे,
कुठल्याच रकान्याला न जोडलेली:

# आज सूर्य परत आला. अकरा मिनिटं.

जेनोव्हाला तिचं काय काम.
कर्सर तिच्याखाली नेला, हॅश टाकला,
आणि निघण्याआधी माझी एक टांगली:

# आजही आला. ढग होते, दिसला नाही.